मास्तरांचं गणित आणि बाबांची संत्री

अमरावतीला शिकत होते तेव्हा घरचं जे काही मला कळलं, ते डब्यातून कळलं. म्हैस व्यायली, हे डब्यातून कळलं. अकोल्याचे मामा न्हाणीत घसरून पडले, हे डब्यातून कळलं. मामांनी माझ्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलंय, हेही डब्यातूनच कळलं. ती चिठ्ठी मेथीच्या भाजीखाली घडी करून ठेवलेली होती, त्यामुळे मुलगा काय करतो तो शब्द तेलात गेला होता. तो काय करतो हे मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही.

आजच्या पोट्ट्यांना हे खरं वाटत नाही, म्हणून नीट सांगते. आमचं गाव मोर्शीच्या पुढे, संत्र्याच्या बागांमधलं. सकाळी सातला गावातून एसटी निघायची, ती नवाच्या सुमारास अमरावतीच्या स्टँडवर लागायची. ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला आठ-दहा पिशव्या लटकलेल्या असायच्या. अमरावतीला खोली करून राहणाऱ्या गावच्या पोरापोरींचे ते डबे. आम्ही आपापली पिशवी उतरवून घ्यायची, आणि संध्याकाळी पाचला गाडी परत निघायच्या आधी रिकामा डबा त्याच दांडीला अडकवून यायचं. कंडक्टर सकाळी एकदाच विचारायचा, "भेटले का सगळ्याईचे डबे?" आम्ही हाव म्हणायचो. कारभार एवढाच.

डब्याबरोबर चिठ्ठी यायची. माय चौथी शिकलेली. तिच्या चिठ्ठीत पूर्णविराम नसायचा. श्वास घ्यायला कुठे थांबायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. "मेथी खाजो भाजी वापस नको पाठवू म्हैस व्याली वगार झाली बाबा बरे हायेत मेथी खाजो." सुरुवात मेथीनं, शेवट मेथीनं. मला मेथी आवडत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि आठवड्यातून चारदा ती तीच पाठवायची. आईच्या मायेचा हा भाग मला कधी समजला नाही.

बाबा चिठ्ठी लिहीत नसत. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी पहिल्याच दिवशी, माझी गादी आणि स्टोव्ह खोलीवर उतरवता उतरवता सांगून टाकलं होतं. "शिक. लागन तितकं शिक. पण एका बी विषयात नापास झाली, तं बिस्तरा गुंडाळाचा अन् घरी याचं. मंग मामा स्थळ पाहाले तयारच हाये." मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. मला शहरात ठेवायचं म्हणून बाबा भावकीतल्या प्रत्येकाशी भांडले होते. मी नापास झाले असते तर त्या प्रत्येकानं चावडीवर येऊन त्यांना "काहून गा, काय म्हणते बीएस्सी?" असं विचारलं असतं. आता मला त्यांचं म्हणणं कळतं. तेव्हा नुसती भीती वाटायची.

आता मास्तर. मास्तर आमच्या समोरच्याच घरात राहायचे. मधे बैलगाडी जाईल एवढा रस्ता. ते स्वतः बीएस्सी झालेले, आणि मोर्शीच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. बाबांचे एकेकाळचे जिगरी दोस्त. पण मी अमरावतीला गेले तेव्हा दोघांचा अबोला सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती.

अबोल्याचं कारण एक संत्रं. नऊ वर्षांपूर्वी व्यापारी आमची बाग पाहायला आला होता, भाव ठरायला आला होता, आणि मास्तर रस्त्यानं जाता जाता सायकलवरून उतरून आत आले. बाबांनी मोठ्या कौतुकानं एक संत्रं सोलून त्यांच्या हातावर ठेवलं. मास्तरांनी दोन फोडी खाल्ल्या आणि म्हणाले, "आंबट हाये."

व्यापाऱ्यासमोर. मास्तरांना खोटं बोलता येत नसे, हा त्यांचा फार मोठा दुर्गुण होता. भाव पडला, आणि त्या दिवसापासून बाबा त्यांच्याशी बोलले नाहीत. मास्तरांनाही आपलं काय चुकलं हे कळलं नाही, म्हणून तेही बोलले नाहीत.

अबोला त्या दोघांचा होता, पण पाळायचं काम आमच्या गळ्यात पडलं होतं. माय आणि मास्तरीणबाई पिठाच्या चक्कीवर पोटभर बोलून घेत, आणि गल्लीत शिरल्या की ओळख नसल्यासारख्या दोन बाजूंनी चालत. मास्तरांची मुलगी माझ्याहून वर्षानं मोठी. ती अमरावतीला डीएड करायची, हॉस्टेलला राहायची. तिचाही डबा त्याच गाडीत यायचा. रोज सकाळी स्टँडवर आम्ही दोघी तीन हातांवर उभ्या राहून एकाच गाडीची वाट पाहायचो आणि एका शब्दानं बोलायचो नाही. तिच्याविषयी माझं काडीचं वाकडं नव्हतं. पण घरचं वळण म्हणजे वळण.

त्या वर्षी जूनमध्ये एका बियाण्याच्या कंपनीनं गावात फुकट पिशव्या वाटल्या. पिवळ्या जर्द, जाड कापडाच्या. फुकटची मजबूत पिशवी म्हटल्यावर काय विचारता. दुसऱ्या दिवसापासून गाडीतली प्रत्येक पिशवी पिवळी. डबे तर आधीच एकसारखे होते, कारण जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई एकच, आणि तिनं अख्ख्या गल्लीत दोन पुडांचा तोच डबा खपवला होता. मग मायनं ओळखू यावी म्हणून आमच्या पिशवीच्या बंदाला लाल दोरा बांधला. मास्तरीणबाईंनीही लालच बांधला. ही युक्ती दोघींनी बहुतेक चक्कीवर मिळूनच काढली असावी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कॉलेजात पहिल्या चाचणीचे मार्क लागले. गणितात पन्नासपैकी अकरा. पास व्हायला अठरा लागत. मी तो कागद तीनदा पाहिला, मग शेजारच्या मुलीला पाहायला लावला. तिनंही अकराच वाचले.

पोळ्याला मी गावी गेले नाही. प्रॅक्टिकल आहे म्हणून कळवलं. खरं म्हणजे बाबांसमोर उभं राहायची हिंमत नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी डब्यात पुरणपोळ्या आल्या. चार, वर तूप. मी खोलीत बसून रडत रडत खाल्ल्या. रडले, पण खाल्ल्या चारही. मग मायला चिठ्ठी लिहिली. "गणितात पन्नासपैकी अकरा मार्क पडले. बाबांना सांगू नको, नाहीतर ते मला घरी आणतील. मी मेहनत करीन. मला इथंच राहायचं आहे." चिठ्ठी रिकाम्या डब्याच्या खालच्या पुडात ठेवली. डबा घरी फक्त मायच उघडायची, त्यामुळे काळजी नव्हती.

मास्तरांच्या मुलीलाही त्या दिवशी पुरणपोळ्याच आल्या होत्या. घरोघरी त्याच, दुसरं काय येणार. पण ती मैत्रिणींबरोबर गिला वडा खायला गेली. आमच्या अमरावतीचा दह्यातला गिला वडा दोन प्लेटी खाल्ल्यावर पुरणपोळीला पोटात जागा राहत नाही. तिनं डबा उघडलाही नाही. तसाच भरलेला दांडीला अडकवला.

संध्याकाळी गाडी गावात लागली. बाबा एका बाजूनं आले, मास्तर दुसऱ्या बाजूनं. नऊ वर्षांच्या नियमाप्रमाणे दोघांनी एकमेकांकडे पाठ केली आणि पाठमोऱ्यानंच हात घालून लाल दोऱ्याची एकेक पिशवी ओढली. एकानं जरी मान वळवून पाहिलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं.

मायनं डबा उघडला. चार पुरणपोळ्या जशाच्या तशा.

आमच्या घरात तोवर कुणी पुरणपोळी परत पाठवलेली नव्हती. तापात नाही, सुतकात नाही. मायनं ठरवलं, पोरगी आजारी पडली, नाहीतर तिला नजर लागली. पोळ्या आपल्या हातच्या नाहीत, हे तिच्या लक्षात कसं आलं नाही, असं मी पुढे तिला विचारलं. ती म्हणाली, "जाड दिसल्या मले. वाटलं फुगल्या असतीन." मास्तरीणबाईंच्या कानावर हे कधी जाऊ दिलं नाही. बाबांनी "आंबल्यावानी वास येऊन राहिला का पाह्य" एवढंच सुचवलं, आणि मग दोघांनी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरवलं. गावात एकच फोन, ग्रामपंचायतीत, आणि तो पावसाळाभर मेलेलाच असायचा. शिवाय माझ्या खोलीवर तरी कुठे फोन होता. आज असं झालं असतं तर मायनं डब्याचा फोटो काढून पाठवला असता, मी "हा आपला नाही" असं लिहिलं असतं, आणि दोन मिनिटांत सगळं निपटलं असतं. मग मला गणितही आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नऊला मी स्टँडवर उभी. गाडी लागली. पिशवी उतरवायला म्हणून चढू लागले, तर दारातून माय उतरली. तिच्या मुठीत मीठ-मिरच्या, दुसऱ्या हातात डबा. मागून बाबा. मी मनात म्हटलं, झालं. मायनं बाबांना चिठ्ठी दाखवली असणार.

माय माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "कधीपासून होऊन राहिलं हे?"

"जुलैपासून," मी म्हणाले. जुलैपासूनच गणित कळेनासं झालं होतं.

"अन् सांगतलं नाही?"

"लाज वाटत होती."

"यात लाज कायची? पोटात दुखते का?"

"हाव." दुखतच होतं.

बाबा म्हणाले, "चाल, आधी डॉक्टरकडे जाऊ."

"डॉक्टर काय करन बाबा? अकरा तं अकराच राह्यतीन."

"काय अकरा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला काहीच माहीत नाही. पण शब्द तोंडातून गेलेला. "मार्क," मी म्हणाले. "गणितात. पन्नासपैकी."

बाबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. म्हणाले, "चाल. बिस्तरा गुंडाळ."

मायला मात्र तिचंच पडलं होतं. "ते जाऊ द्या. पुरणपोळ्या काहून वापस पाठवल्या हिनं?"

"मी चारही खाल्ल्या!"

"मंग घरी कोणाच्या आल्या?"

तेवढ्यात मास्तरांची मुलगी तिची पिशवी उतरवून, आत काय आलंय ते पाहून तिथं आली. नऊ वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "हे तुझं हाये. आमच्या घरी आलं होतं. बाबांनी दिलं." आणि तिनं माझीच चिठ्ठी माझ्या हातात दिली. चिठ्ठीच्या पाठीवर लाल शाईनं काहीतरी लिहिलेलं होतं.

बाबांनी ती माझ्या हातातून घेतली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचली.

"चिठ्ठी चुकून आमच्याकडे आली. वाचली गेली, त्याबद्दल दिलगीर आहे. अकरा मार्क म्हणजे काहीच येत नाही असे नव्हे. अकरा मार्कांचे येते. राहिलेल्या एकोणचाळीस मार्कांची गणितं पाठव. रोज दोन. मी तपासून परत पाठवीन. घरी नेल्याने गणित येत नसते."

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या, हे मला कळलं आणि बाबांनाही कळलं.

"मले शिकवते," बाबा म्हणाले. "मले." त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग पुन्हा. त्यांचा हिशोब चालला होता, हे चेहऱ्यावरून दिसत होतं. शेवटी म्हणाले, "राह्य इथं. दुसऱ्या चाचणीपर्यंत. पास झाली, तं पोरगी माझी हाये. नापास झाली, तं मास्तरले गणित येत नाही हे साऱ्या गावाले सांगतो."

दोन्हीकडून त्यांचाच फायदा. मला काय, मी राहिले. आणलंच आहे तर म्हणून मायनं भर स्टँडवर माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या. मास्तरांची मुलगी शेजारीच उभी होती, तर तिच्यावरूनही ओवाळल्या. बाबा तेव्हा दुसरीकडे पाहत होते.

त्या दिवसापासून माझी शिकवणी एसटीनं सुरू झाली. न सुटलेली दोन गणितं मी मास्तरांच्या मुलीला द्यायची. ती आपल्या रिकाम्या डब्यात घालायची. तिसऱ्या दिवशी ती लाल शाईनं भरून तिच्या भरल्या डब्यात परत यायची. बाबांची सक्त ताकीद होती की मास्तरचा कागद आपल्या डब्यात आला नाही पाहिजे. मास्तर समोरासमोर कसे शिकवत मला ठाऊक नाही, पण कागदावर ते फार थोडं बोलत. "घाई." "पुन्हा घाई." "चिन्ह कुठे गेले?" एकदा लिहिलं, "कागदावर वरणाचा डाग आहे. आधी जेवावे, मग गणित करावे." आणि एकदा, सातत्यानं तीच चूक केल्यावर, "ही घाई तुझी नाही, तुझ्या वडिलांची आहे." तो कागद मी जपून ठेवला, पण घरी नेला नाही.

ते कागद येत राहिले आणि मला गणित कळू लागलं. खरंच कळू लागलं. वर्गात जे सर भराभर पुसून टाकत ते इथं ओळीनं लिहिलेलं असायचं, प्रत्येक पायरीला कारण दिलेलं. मला त्या माणसाविषयी इतकं वाटायला लागलं की सुट्टीत गावी गेले की त्यांच्या दारासमोरून मी मान खाली घालून जायची, न जाणो तोंडून "नमस्कार" निघून जायचा. मास्तरांच्या मुलीशी तर आता चांगलीच गट्टी जमली होती. तिला मेथी आवडायची. माझी मेथी तिला, तिच्या घरची वांगी मला. माझा डबा रोज चाटूनपुसून घरी जायचा आणि माय चिठ्ठीत लिहायची, "आता कशी शहाणी झाली मेथी खाजो."

जानेवारीत दुसरी चाचणी झाली. पन्नासपैकी एकतीस.

मी तो आकडा दोन चिठ्ठ्यांवर लिहिला आणि दोन्ही डब्यांतून पाठवला. मास्तरांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. "एकोणीस कुठे गेले?" एवढंच. पण खाली, बाजूला, बारीक अक्षरात, "शाबास." मी स्टँडवर बसून रडले, आणि या वेळी समोर पुरणपोळी नव्हती.

बाबांकडून आठ दिवस काही नाही. मग एका सकाळी पिशवी उतरवायला गेले तर ती उचलवेना. डब्याखाली डझनभर संत्री, आणि वर एक चिठ्ठी. अक्षर बाबांचं. मला त्यांनी लिहिलेली ही पहिली चिठ्ठी. "यातली सहा मास्तरच्या पोरीजवळ दे. घरी पोचव म्हणा. मृगाचा बहार हाये, गोड हाये. खाऊन पाह्य म्हणा."

राजेहो, मास्तरांचं घर आमच्या ओट्यावरून दिसायचं. चार पावलं टाकली की दार. त्या चार पावलांसाठी बाबांनी सहा संत्री अमरावतीला पाठवली, आणि संध्याकाळी ती मास्तरांच्या मुलीच्या पिशवीतून पुन्हा गावाला गेली. सव्वाशे किलोमीटर फिरून ती समोरच्या घरात पोचली.

दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात लाल शाईची चिठ्ठी. "संत्री तपासली. दहापैकी साडेसात."

साडेसात वाईट नाहीत, हे मला कळत होतं. मास्तरांच्या हातून साडेसात काढायला मला पाच महिने लागले होते. पण बाबांना ते कोण सांगणार? नऊ वर्षांनी माणसानं पहिल्यांदा हात पुढे केला, तर समोरच्यानं त्यावर अडीच मार्क कापून ठेवले. मी खोलीवर गेले आणि लाल पेन काढलं. साडेसाताचे नऊ करायला कितीसा वेळ लागतो. पेन कागदाला टेकवलं, आणि मला मास्तरांचं "आंबट हाये" आठवलं. या माणसानं उभ्या जन्मात कुणाला एक मार्क खोटा दिला नव्हता. माझ्या एकतीसातलाही एकेक खरा होता तो त्यांच्यामुळेच. मी पेन बंद केलं. चिठ्ठी होती तशी, बाबांची ताकीद मोडून, आमच्याच डब्यात घातली आणि गाडी सुटेपर्यंत दांडीकडे पाहत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी डबा आला, चिठ्ठी नाही. तिसऱ्या दिवशी डबा, चिठ्ठी नाही. मास्तरांच्या मुलीच्या डब्यातही काही नाही. आम्ही दोघी घाबरलो. ती म्हणाली, "माझ्या बाबाले आठ द्याले काय झालं होतं?" मी म्हणाले, "माझ्या बाबाले संत्री पाठवाले कोणं सांगतलं होतं?" दिवसभर दोघींचं तोंड वाकडंच होतं.

चौथ्या दिवशी मायची चिठ्ठी आली. मेथीच्या भाजीखाली होती, पण या वेळी एकही शब्द तेलात गेलेला नव्हता.

"बाबा साडेसात वाचून दोन दिवस धड जेवले नाहीत काल चप्पल घातली अन् चालले गेले मास्तरच्या घरी म्हणे अडीच मार्क कायचे कापले सांग मास्तर म्हणे साल जाड हाये बाबा म्हणे साल कोण खाते दोन तास भांडले मास्तरीणनं दोनदा चहा केला मले बी बलावलं शेवटी आठ झाले मेथी खाजो."